इंटरनॅशनल बिझनेस आणि सोबत परकी भाषा: ही डिग्री असते तरी काय, आणि नाशिकच्या मुलांनी ती कशी बघावी

काही वर्षांपूर्वी आमच्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसला एका जर्मन खरेदीदाराचा मेल आला, इंग्रजीतच होता, त्यात एक वाक्य होतं की आम्ही "इव्हेंच्युअली" अजून दोन कंटेनर घेऊ. आम्ही वाचलं, की चला, शेवटी घेणारच आहेत. माल तोडला, पॅक केला, प्री-कूलिंग करून कोल्ड स्टोरेजला लावला आणि वाट बघत बसलो. आठ दिवसांनी कळलं की त्यांना म्हणायचं होतं "कदाचित घेऊ". जर्मनमध्ये इव्हेंटुएल असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कदाचित, जमलं तर. त्यांनी तो डोक्यातल्या डोक्यात इंग्रजीत ढकलला, तिथे तो "अखेरीस" होऊन बसला. दोन कंटेनर म्हणजे पंचवीस-सव्वीस टन द्राक्षं, आणि द्राक्षं काही कांदा नाही की चाळीत टाकून भाव वाढायची वाट बघता येईल. शेवटी तो माल पडत्या भावात लोकल मार्केटला गेला.

हे आधी सांगितलं कारण दरवर्षी मे-जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतं, की ताई ते इंटरनॅशनल बिझनेस विथ जर्मन का फ्रेंच असं काहीतरी असतं ते चांगलं का, आणि सगळं तर इंग्रजीत चालतं मग भाषा कशाला. तो मेल इंग्रजीतच होता. समोरच्याचं इंग्रजी त्याच्या स्वतःच्या भाषेवर उभं असतं, जसं आपलं मराठीवर असतं, आणि ती खालची भाषा माहीत असली तर त्याचं इंग्रजीसुद्धा नीट कळतं. ट्रान्सलेशनचं अ‍ॅप आहे की, असंही मुलं म्हणतात. पण त्या मेलमध्ये ट्रान्सलेट करण्यासारखं काही नव्हतंच, शब्द इंग्रजी, स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. ऑफिसात बी१ लेव्हलचं, म्हणजे कामचलाऊ, जर्मन येणारं एक जरी माणूस असतं ना, तरी त्याने एक फोन लावून विचारलं असतं की नक्की का हो.

आता मुद्द्यावर येते. ही डिग्री म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक भाग व्यापाराचा, एक भाग भाषेचा, आणि दोघांचा वेग पूर्ण वेगळा आहे. व्यापाराचा भाग मन लावलं तर लवकर डोक्यात बसतो आणि पुढे नोकरीत पक्का होतो. भाषेचं तसं नाही, तिला वर्षं द्यावी लागतात आणि शॉर्टकट नाहीये. म्हणून अशी डिग्री निवडताना भाषेकडे आधी बघा असं मी सगळ्यांना सांगते, आणि बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आधी व्यापाराचा भाग, कारण तो नाशिकमध्ये बसून समजावणं खूप सोपं आहे. दिंडोरी किंवा पिंपळगावच्या बागेतून द्राक्षं निघतात आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरतात, युरोपला जाणारी आपली बरीचशी द्राक्षं तिथूनच आत शिरतात. या एका प्रवासात डिग्रीचे जवळजवळ सगळे पेपर येऊन जातात. सगळ्यात आधी सौदा ठरतो, आणि सौद्यात भावाइतकंच महत्त्वाचं काय, तर जबाबदारी कुठपर्यंत कोणाची. त्यासाठी इन्कोटर्म्स नावाचे नियम आहेत, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केलेले, सध्या २०२० ची आवृत्ती चालते आणि त्यात ११ प्रकार आहेत. एफओबी न्हावा शेवा म्हटलं की माल जहाजावर चढेपर्यंत आपली जबाबदारी, पुढे त्यांची. सीआयएफ रॉटरडॅम म्हटलं की भाडं आणि विमा आपण भरायचा. इथे नवीन मुलं हमखास चुकतात, त्यांना वाटतं सीआयएफ म्हणजे रॉटरडॅमपर्यंत धोकापण आपलाच. तसं नाहीये. खर्च तिकडपर्यंत आपला, पण धोका जहाजावर माल चढला तिथेच समोरच्याकडे जातो. खर्च एकीकडे संपतो आणि धोका दुसरीकडे, हे एकदा कळलं की अर्धा विषय कळला. द्राक्षांत अजून एक भानगड म्हणजे बराच माल कन्साइनमेंटवर जातो, म्हणजे तिकडे विकला गेल्यावर भाव ठरणार, फार तर किमान अमुक मिळेल एवढी गॅरंटी. मग तिकडच्या माणसाने पाठवलेला क्वालिटी रिपोर्ट हाच आपला देव, आणि तो रिपोर्ट, फोटोंखालच्या टिपा, कोल्ड स्टोअरवाल्याचं म्हणणं कुठल्या भाषेत असेल हे काही आपण ठरवत नाही.

पैशाचा पेपर वेगळा. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेला शब्द की कागद बरोबर असतील तर पैसे देऊ. बँक द्राक्षं गोड आहेत का बघत नाही, बँक फक्त कागद बघते. यूसीपी ६०० नावाचे नियम आहेत, २००७ पासून लागू, आणि नावातलं एखादं अक्षर, वजन, तारीख असं काही जुळलं नाही की बँक डिस्क्रेपन्सी काढून बसते. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, हा त्या कागदांमधला राजा, तो ज्याच्या हातात त्याचा माल. सोबत एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टम्सचा नंबर, ताज्या द्राक्षांचा ०८०६१०, पहिले सहा आकडे जगभर सारखेच. रुपया-युरोचा भाव सौदा झाला तेव्हाचा आणि पैसे आले तेव्हाचा वेगळा, त्याचं काय करायचं तो फॉरेक्सचा पेपर.

आणि मग नियम. नाशिकच्या बागायतदाराला २०१० साल सांगायला लागत नाही. त्या वर्षी आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले, आपल्याकडे त्याला सीसीसी म्हणतात, युरोपातल्या बंदरांवर कंटेनर अडकले आणि कित्येक जणांचं वर्ष गेलं. घडाला चव होती, रंग होता, साखर होती, पण कागदावर एक आकडा जास्त होता. त्यानंतर रेसिड्यू टेस्टिंगचा फास अजून आवळला गेला, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी आणि कुठल्या पेटीतला माल कुठल्या प्लॉटचा हे मागे शोधता येणं, हे सगळं आता अंगवळणी पडलंय. पण त्यातलं एक लक्षात घेण्यासारखं आहे की कायद्याची मर्यादा वेगळी आणि दुकानदाराची वेगळी, जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्यापेक्षाही कडक अशा स्वतःच्या मर्यादा लावतात. म्हणजे आपला खरेदीदार डच असेल आणि तो सुंदर इंग्रजी बोलत असेल, डच लोक बोलतातच, पण माल शेवटी जर्मन बाईच्या टोपलीत जाणार असेल तर खरी अट जर्मनीतून आलेली असते.

वाहतुकीचा पेपर तर गेली काही वर्षं बातम्याच शिकवतायत. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. द्राक्षांसाठी पंधरा दिवस म्हणजे काय ते बागायतदाराला विचारा, देठ सुकतो. कांद्याचं तर विचारूच नका, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ५५० डॉलर टनाचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढलं. लासलगावच्या मार्केटला रोज लिलाव बघणाऱ्या मुलाला आंतरराष्ट्रीय व्यापार धोरण हा पेपर वेगळा शिकवायची गरज नाही असं मला खरंच वाटतं, त्याला फक्त त्याच्या माहितीला पुस्तकातली नावं द्यायची आहेत.

एवढा झाला व्यापाराचा भाग. आता भाषा, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

भाषा किती येते ते मोजायची युरोपात सहा पायऱ्यांची पट्टी आहे, ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे नाव-गाव-भाव. बी१ म्हणजे गावात पडलात तर मरणार नाही एवढं. बी२ म्हणजे ऑफिसात बसून फोन घेता येईल, तक्रारीचा मेल लिहिता येईल, मीटिंगमध्ये वाद घालता येईल. बिझनेससाठी भाषा येते असं म्हणायला बी२ लागतं, त्याच्या खाली सीव्हीवर लिहिलं तर दिसायला छान, कामाला नाही. जर्मनसाठी शून्यापासून बी२ पर्यंत साधारण ६०० ते ८०० तासिका धरतात, पाऊण तासाची एक, शिवाय घरचा अभ्यास वेगळा.

आता हिशोब करू. समजा एखाद्या बीबीएमध्ये परकी भाषा दोन क्रेडिटची आहे आणि चार सेमिस्टर आहे. एक क्रेडिट म्हणजे लेक्चरचे १५ तास, दोन क्रेडिट ३० तास, चार सेमिस्टर १२० तास, म्हणजे पाऊण तासाच्या १६० तासिका. एवढ्यात ए१ होतं, फार हुशार मूल असेल तर ए२ ची सुरुवात. बस. प्रॉस्पेक्टसवर जर्मन लिहिलंय, मार्कशीटवर जर्मन आलंय, पण मुलाला जर्मनीतल्या माणसाचा फोन घेता येणार नाही. यात कॉलेज खोटं बोलतंय असं नाही, तास तेवढेच आहेत. पण आईवडिलांना वाटतं पोरगं जर्मन शिकून आलं, आणि मुलालाही तसंच वाटतं, ते पहिल्या इंटरव्ह्यूपर्यंत. मला त्या मुलांचं फार वाईट वाटतं, कारण तीन वर्षं गेलेली असतात आणि कोणी हा साधा गुणाकार करून दाखवलेला नसतो.

परदेशातल्या डिग्रीलाही हाच हिशोब लावा. ब्रिटनमध्ये नावातच खूण असते, "बिझनेस अँड जर्मन" असेल तर साधारण निम्मं-निम्मं, "बिझनेस विथ जर्मन" असेल तर बिझनेस मुख्य आणि जर्मन जोडीला. अशा डिग्र्या बहुतेक चार वर्षांच्या असतात आणि तिसरं वर्ष त्या भाषेच्या देशात काढायचं असतं, शिकायला किंवा नोकरीला. ते तिसरं वर्ष हाच या डिग्रीचा जीव आहे. अकरा महिने घरभाड्याचा करार, डॉक्टर, बँक, भांडण, भाजी, सगळं त्या भाषेत करावं लागतं, वर्गात तीन वर्षांत जे होत नाही ते तिथे होतं. युरोपातल्या बाकीच्या देशांत ईसीटीएस क्रेडिट असतात, वर्षाला ६०, तीन वर्षांच्या बॅचलरला १८०. त्या १८० पैकी भाषेला किती ते शोधा. पाच-दहा असतील तर ती कोथिंबीर वरून भुरभुरवलीय. चाळीस-पन्नास असतील, वर एक-दोन सेमिस्टर बाहेर असतील, आणि काही बिझनेसचे पेपर त्या भाषेतच शिकवत असतील, तर ती खरी जोड डिग्री. शेवटचा मुद्दा फार कमी लोक विचारतात. जर्मन भाषा शिकणं वेगळं आणि जर्मनमधून अकाउंटिंग शिकणं वेगळं, दुसऱ्याने माणूस तयार होतो.

जर्मनीचं थोडं सांगते कारण नाशिकमधून तिकडे जाणारी मुलं वाढलीयत. सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही हे खरं आहे, मोठा अपवाद बाडेन-व्यूर्टेमबर्ग राज्याचा, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि त्याच राज्यात रॉयटलिंगेनचं इंटरनॅशनल मॅनेजमेंटसाठी नाव असलेलं बिझनेस स्कूल आहे. फी नाही म्हणजे खर्च नाही असं मात्र नका समजू, व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस सर्टिफिकेटपण लागतं, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा जर्मन दूतावासाकडचा दाखला. आणि फक्त बारावीवर आपल्या बहुतेक मुलांना तिथे थेट बॅचलरला घेत नाहीत, आधी एक वर्षाचं श्टुडिएनकोलेग करावं लागतं, कॉमर्सवाल्यांसाठी त्यात डब्ल्यू-कोर्स असतो, आणि तिथे शिकवतात जर्मनमध्ये, म्हणजे आत पाय ठेवायलाच जर्मन बऱ्यापैकी लागतं. एजंट लोक हा भाग पटकन उरकतात, तुम्ही उरकू नका.

आता कुठली भाषा. याचं उत्तर आवडीनिवडीवर आणि गावावर आहे. आपल्याकडे सातपूरला बॉशसारखी जर्मन मुळाची कंपनी वर्षानुवर्षं आहे, सातपूर-अंबडमधले अनेक छोटे कारखाने तिकडच्या मशिनवर किंवा तिकडच्या गिऱ्हाइकासाठी काम करतात, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या बाजूला जर्मनला जागा आहे. जपानी म्हटलं तर पुणे-चाकण पट्टा आणि सुप्याची एमआयडीसी, तिथे जपानी कंपन्यांसाठी वेगळा भागच राखलाय. वाइनमध्ये जायचं असेल तर फ्रेंच, या धंद्याची सगळी बाराखडी फ्रेंच आहे. स्पॅनिशकडे आपल्याकडे कोणी बघत नाही आणि मला ती चूक वाटते, द्राक्षांत आपले तगडे स्पर्धक पेरू आणि चिली, दोन्हीकडे स्पॅनिश, ते कुठल्या जाती लावतायत, कधी तोडणी करतायत, काय बोलतायत हे वाचता येणारं माणूस आपल्या तालुक्यात किती आहेत. आणि एक सांगते, रुचेल न रुचेल, कांद्याच्या धंद्यात जायचं असेल तर बंगाली शिका. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक, दुबईत हिंदीवर भागतं, पण ढाक्याच्या व्यापाऱ्याशी बंगालीत चार वाक्यं बोलणारा लासलगावचा मुलगा वेगळाच उठून दिसेल.

भाषा अवघड जाईल या भीतीने कितीतरी मुलं मागे हटतात, विशेषतः मराठी मीडियमची. त्यांच्यासाठी हा पुढचा भाग मुद्दाम लिहितेय. मराठी येणं हा इथे फायदा आहे, आणि चांगला मोठा फायदा आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, इंग्रजी मीडियमची मुलं त्याने बेजार होतात, आपल्याला तो दरवाजा, ती खिडकी, ते घर लहानपणापासून आहे, हिंदीवाल्यांना तर नपुंसकलिंगही नाही. कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठ करावं लागतं पण "टेबलाला कसलं लिंग" हा धक्का आपल्याला बसत नाही. जर्मन तेवीसला तीन-आणि-वीस म्हणतात, आपण काय म्हणतो, तेवीस, ते आधी आणि वीस नंतर. घड्याळात अडीच वाजले तर जर्मन म्हणणार हाल्ब द्राय, शब्दशः अर्धा तीन, म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. आणि दीडला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, आंडरटहाल्ब. दीड-अडीचवर वाढलेल्या पोराला हे समजवायला पाच मिनिटं लागतात. तू आणि तुम्ही तर आहेच, डू आणि झी, आणि कोणाला कधी तू म्हणायचं याची लाजपण सारखीच.

जपानीत तर अजून गंमत. वाक्याचा क्रम आपलाच, क्रियापद शेवटी, आणि नामाला मागून प्रत्यय. "नाशिक नि सुन्दे इमास" म्हणजे नाशिकला राहते, नि म्हणजे आपला ला किंवा त. "तोक्यो कारा नागोया मादे", तोक्योहून नागोयापर्यंत. नो म्हणजे चा-ची-चे. मराठीतून जपानी शब्दाला शब्द लावत जाता येतं, इंग्रजीतून येत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे आकडे सांगतात की इंग्रजी मातृभाषा असलेल्याला जपानीला २२०० तास लागतात, पण तो हिशोब त्यांचा, वाक्यरचनेची त्यांची झटापट आपल्याला नाही. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं, मात्र सगळ्यांनाच सारखी, रोजच्या वापरातल्या २१३६ आहेत आणि त्या घोकाव्याच लागतात. जपानीची परीक्षा जेएलपीटी, सगळ्यात सोप्या एन५ पासून सगळ्यात अवघड एन१ पर्यंत, आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पण त्यात फक्त वाचणं आणि ऐकणं तपासतात, बोलणं-लिहिणं नाही. म्हणून एन२ पास झालेलं आणि तरी तोंड न उघडणारं माणूस भेटू शकतं, क्लास निवडताना बोलायला लावतात का ते बघा. जर्मनच्या ग्योटे परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं चारही असतं.

आकड्यांबद्दल राहिलंच. जर्मन, स्पॅनिश लोक टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलटे वापरतात, त्यांचं १.५०० म्हणजे पंधराशे आणि १,५ म्हणजे दीड. जर्मनीत बिलियोन म्हणजे इंग्रजीतल्या बिलियनच्या हजारपट. असल्या गोष्टी भाषेच्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि इनव्हॉइसवर लाखाच्या होतात.

संस्कृतीचा म्हणून एक पेपर या डिग्रीत असतो. होफस्टेड नावाच्या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ च्या दरम्यान आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची माहिती घेऊन देशादेशांतले फरक आकड्यांत मांडले, ते सगळीकडे शिकवतात. शिका, पण आकडे पाठ करून माणूस कळत नाही असं माझं मत आहे. जपानी माणूस "केंतो शिमास" म्हणाला, म्हणजे विचार करतो, तर बऱ्याचदा ते नाहीच असतं. आपल्याला यात शिकवण्यासारखं काय आहे, आपली आत्या लग्नाच्या स्थळाला "बघू हं" म्हणते तेव्हा सगळ्या घराला कळतं की नाही म्हणाली. जर्मन माणूस तोंडावर नाही म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला कॉफी विचारतो, त्याच्या नाहीमध्ये राग नसतो, हे मात्र आपल्या लोकांना शिकावं लागतं.

मग नाशिकच्या मुलाने करायचं काय. पैसे असतील आणि पोरगं धीराचं असेल तर बाहेरची चार वर्षांची, बाहेरच्या वर्षासकटची डिग्री उत्तमच. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाखाली बीबीए आयबी आहे, नाशिकची कॉलेजंही त्याच विद्यापीठाखाली येतात, २०२४ पासून बीबीएला राज्याची सीईटी लागते हे विसरू नका. पुढे एमबीए आयबीसाठी दिल्लीची आयआयएफटी, १९६३ पासूनची संस्था, आणि पुण्यात सिम्बायोसिसचं एसआयआयबी. पण ज्यांच्याकडे फार पैसे नाहीत त्यांना मी मनापासून सांगते की नाशिकमध्येच साधं बीकॉम करा आणि भाषा वेगळी, स्वतंत्र, पहिल्या वर्षापासून रोज करा. तीन वर्षांत बी२ होतं, रोज दीड तास धरला तर आरामात होतं. बीकॉम अधिक खरं बी२ हे नावाला भारी पण ए१ वर अडकलेल्या डिग्रीपेक्षा माझ्या टेबलावर जास्त वजनदार असतं. पुण्याला राहायची सोय असेल तर विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथे भाषांचे पार्टटाइम कोर्स कित्येक पिढ्यांनी केलेत. आणि मास्टर्सला जर्मनीला गेलात तर डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते अठरा महिने भाषा येणाऱ्याला पुरतात, न येणाऱ्याला फार लवकर संपतात.

भाचीसाठी मी यंदा पाच-सहा कॉलेजांना फोन केले. विचारलं की भाषेचे एकूण तास किती, शिकवणारे नेहमीचे की अधूनमधून येणारे, आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांनी बाहेरची परीक्षा दिली, ग्योटेची किंवा जेएलपीटीची. एका ठिकाणच्या मॅडमनी वही काढून सगळं नीट सांगितलं, बाकीचे वेबसाइट बघा म्हणाले. त्या मॅडमचं कॉलेज पुण्यात, घरच्यांना होस्टेल झेपणार नव्हतं, म्हणून भाची सध्या इथेच एफवायबीकॉमला आहे. सकाळी सातला कॉलेज रोडला जर्मनचा क्लास, तिथून कॉलेज, संध्याकाळी पाऊण तास नुसतं ऐकणं. ए१ ची परीक्षा तिने मुंबईला काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात दिली, पहाटे उठून पंचवटी पकडून गेली होती, पास झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचा सीझन ऐन भरात असतो, तेव्हा दोन आठवडे तिला ऑफिसात बोलावलंय, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायला.